जांभळांनी होतं तसं, असं मीच म्हणालो

आज सकाळी बाबा शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, करता करता चिखलातच कोसळले. मुरबाडच्या दवाखान्यातून ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलंय. आत रक्त चढतंय आणि मी बाहेर बाकड्यावर बसून हे लिहितोय.

आठ दिवसांपूर्वी बाबा हळूच म्हणाले होते, "संडासला डांबरासारखं काळं होतंय रे, चिकट." मी हसलो. "जांभळांनी होतं तसं. काय होत नाय." सिद्धगडाच्या पायथ्याला आमच्या गावात जांभळांच्या दिवसांत कोणी ते मनावर घेतच नाय.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेतात?" घेतात. कंबरेसाठी रोज दोन, दुकानातून मीच आणून द्यायचो. त्या गोळ्यांनी पोटात जखम झाली आणि आतलं रक्त काळं होऊन पडत होतं. रक्तवाढीच्या गोळ्यांनीही काळं होतं, म्हणाले. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं किंवा लाल दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आत्ता शेजारी बसलेली आई म्हणाली, "जांभळं तर आवणीच्या आधीच, पंधरा दिवसांपूर्वीच सरली ना रे?"

तुमच्या घरी कोणी लाजत लाजत असं सांगितलं, तर तुमी काय म्हणाल?