कोपऱ्यातले ठिपके

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या लॅबमध्ये विमलाताई घाडी बावीस वर्षं रक्तातल्या पेशी मोजताहेत. मी त्यांच्या हाताखाली शिकले, बोलणीही खाल्ली. मशीन प्रत्येक पेशीचा एक ठिपका पडद्यावर टाकतं. ताई माउसने चौकट ओढतात आणि आतले ठिपके मोजले जातात. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींच्या चौकटी दोनच, मदतनीस आणि मारेकरी. दोघींची बेरीज एकूण टी-पेशींच्या जवळपास आली की लॅबचे साहेब खूश.

पण काही टी-पेशी या दोन्हींत बसत नाहीत. गॅमा-डेल्टा त्यांचं नाव. नेहमीच्या टी-पेशींना शत्रूचा तुकडा कुणीतरी आणून दाखवावा लागतो. या कुणासाठी थांबत नाहीत. कातडीत, आतड्यात ठाण मांडून बसतात, आपलीच पेशी बिघडली तरी ओळखून मारतात. रक्तात मात्र थोड्याच, म्हणून आम्ही त्यांना खुशाल पडद्याच्या कोपऱ्यात, चौकटींबाहेर सोडून द्यायचो.

दोन वर्षांपूर्वी दिंडोशीच्या सम्यकचं रक्त आलं. चोवीस वर्षांचा पोरगा, ताप उतरत नव्हता. कोपरा ठिपक्यांनी गच्च भरलेला, बेरीज काही केल्या जुळेना. ताईंना वाटलं, पेशी ओळखायला लावतात तो रंग नीट चढला नाही. नमुना परत मागवला तर साहेब डोकं खाणार. त्यांनी मारेकऱ्यांची चौकट कोपऱ्यापर्यंत ओढली. मारेकरी जरा वाढलेल्या दिसल्या, पण ते व्हायरल तापात होतंच. रिपोर्टमध्ये काळजीचं काही नाही.

तीन आठवड्यांनी मोठ्या हॉस्पिटलात कळलं, कॅन्सर त्या कोपऱ्यातल्या पेशींचाच होता. महिन्याभरात सम्यक गेला. त्याची आई, शकुमावशी, लॅबमध्ये आली आणि ताईंचा हात धरून म्हणाली, "मॅडम, सगळे रिपोर्ट वाईट आले, तुमचा एकच चांगला होता. त्याच्या फोटोमागे ठेवलाय."

तेव्हापासून ताईंना त्या ठिपक्यांनी झपाटलं. रोज सकाळी सम्यकची फाइल उघडायच्या, चौकट मागे सरकवायच्या आणि साठवून न ठेवता बंद करायच्या. बेसिनवरचे पाण्याचे शिंतोडे पुसत बसायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि स्वतःचाही, कारण चौकट ओढली तेव्हा मी शेजारीच बसले होते.

गेल्या आठवड्यात शकुमावशीचा फोन आला. "भिंतीला ओल आली, रिपोर्ट भिजला. दुसरी कॉपी मिळेल ना?"

ताईंनी चौकट जागेवर आणली, फाइल पहिल्यांदाच साठवली आणि खरा रिपोर्ट छापला. मला म्हणाल्या, "चल गो माझ्याबरोबर, माका एकटीक जमाचा नाय."

दिंडोशीला मावशीने खुर्च्या पुसून दिल्या. ताईंनी दिलेला कागद न वाचताच ती फोटोकडे वळली.

"थांबा," ताई म्हणाल्या. "हा तो नाही. तो चुकीचा होता. मीच चुकीचा केला होता." मग त्यांनी सगळं सांगितलं.

मावशी ओरडली नाही. म्हणाली, "तो रिपोर्ट बघून त्याने नवा शर्ट शिवायला टाकला होता." भिजलेला कागद तिने फोटोमागून काढला, नवा ताईंना परत दिला.

"मग आता याच्यामागे काय ठेवू, सांगा ना."