पहिला शब्द

माझा नवरा आईला घरातही ‘बाई’च म्हणतो. चौथीत तो तिच्याच वर्गात होता आणि तिथे चुकून ‘आई’ म्हटलं की पट्टी बसायची. निवृत्तीनंतर बाई मालिकेत शिरल्या, त्याही एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो दिग्दर्शक झाला होता. पाया पडायला आला, तर बाईंनी आधी ‘पोक काढून बसू नकोस’ म्हणून त्याला झापलं. त्याला हवी होती तशी खाष्ट आजी घरबसल्या सापडली.

पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? कविता म्हणताना मूल अडलं की बाई पुढची ओळ कधीच सांगायच्या नाहीत. पहिला शब्द द्यायच्या आणि बाकीचं नुसत्या ओठांनी म्हणत राहायच्या. सेटवरही तेच! समोरचा नट बोलतोय आणि यांचे ओठ हलताहेत. ‘कट! बाई, ओठ!’ दिग्दर्शक ओरडून ओरडून थकायचा. एकदा मालिकेतला मुलगा भावनेच्या भरात क्षणभर थांबला, तर बाईंनी त्याला खणखणीत आवाजात पुढचा शब्द दिला. सगळे पोट धरून हसले.

मला मात्र ते हलणारे ओठ बघून धीर यायचा. बाईंची थोरली बहीण, आमची मावशी, शेवटी सगळं विसरली. आधी शब्द गेले, मग माणसं. एका दुपारी तिने बाईंनाच विचारलं, ‘आपण कुणाकडच्या?’ तेव्हापासून बाईंच्या मनात भीतीने घर केलं.

‘अगं, हे रक्तातच असलं तर?’ भाजी निवडता निवडता त्या मला विचारायच्या.

‘काहीतरीच तुमचं, आई! तुम्हाला तर दुसऱ्यांचे संवादही तोंडपाठ.’

‘तेही खरंच. ओठ हलताहेत तोवर मी शाबूत.’

अलीकडे मात्र घरी संवाद घोकताना त्या पाठांतर तपासायला कागद माझ्या हाती देईनाशा झाल्या. मला धास्ती वाटत होती, पण विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना!

त्या दिवशी मालिकेतला मुलगा घर सोडून जातो, तो प्रसंग होता. मी नेहमीसारखी कॅमेऱ्यामागे बाईंचा चष्मा धरून उभी होते. मुलाचं लांबलचक भाषण सुरू झालं. मी बाईंच्या ओठांकडे पाहिलं. ओठ स्थिर होते.

त्याचं बोलून संपलं. आता बाईंनी म्हणायचं होतं, ‘दार उघडंच ठेवीन. येशील तेव्हा ये.’ त्या नुसत्या बघत राहिल्या. डोळे भरून आले, हनुवटी थरथरली.

‘कट!’ दिग्दर्शकाने टाळ्याच वाजवल्या. ‘काय थांबलात हो बाई! वाक्याची गरजच नव्हती. आणि आज ओठ एकदाही हलले नाहीत!’

मेकअपवाली डोळे पुसत होती. त्या सगळ्या कौतुकातून वाट काढत बाई माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

‘अगं, तिथे मला काही बोलायचं होतं का?’

‘हो, आई.’

‘सांगू नकोस. नुसता पहिला शब्द दे.’

‘दार...’ मी म्हटलं आणि पुढचं ओठांनीच म्हणत राहिले. कवितेत अडलेल्या मुलासारख्या बाई माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.