हिरव्या तालुक्यातले लाल ठिपके

कोणाच्याही कॉम्प्युटरसमोर आली की ती स्क्रीनवर नख आपटायची आणि म्हणायची, "रंगावर जाऊ नका. आत काय हाय ते बघा." नाशिक रोडच्या आमच्या छोट्या ऑफिसात सगळ्यांच्या स्क्रीनवर तिच्या बोटांचे डाग असायचे.

आम्ही आकडेवारीचे नकाशे बनवायचो. ती डोंगरातल्या हरसूलकडची, शिकून इंजिनिअर झालेली. चिडली की तिची गावाकडची बोली बाहेर पडायची, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा तरी. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, ज्याच्यापुढे चुकीचा आलेख ठेवायला हात धजत नाही.

एकदा पिण्याच्या पाण्याचा नकाशा करायचं काम आलं. सरासरी चांगली, म्हणून अख्खा तालुका हिरवा. तिनं त्यावर एक भिंग बसवलं. माउसनं ते गोल भिंग फिरवलं की तेवढ्या भागातला हिरवा रंग विरायचा आणि खालचा एकेक पाडा ठिपक्यासारखा दिसायचा. डोंगराकडे नेलं की लालच लाल, म्हणजे जवळ पाणी नसलेले पाडे. डबा खाताना ती एका लाल ठिपक्यावर थांबायची. "ही माझी मावशी. दोन टेकड्या उतरते हंड्यासाठी."

काम देणारे साहेब पाहायला आले.

"तालुका हिरवा आहे ना? मग हे लाल कशाला?"

"साहेब, पाणी तालुका नाय भरत. बाया भरतात."

साहेब हसले. आमचे सरही हसले. मी खाली बघत राहिलो.

नंतर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ते भिंग काढून टाक. बघणारे गोंधळतात."

मी काढलं. पाच मिनिटांचं काम. गोंधळ कोणाचा होत होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या हसण्याचा संताप अजून जात नाही, आणि स्वतःचा त्याहून जास्त येतो.

सकाळी तिनं नकाशा उघडला. माउस डोंगरावरून फिरवला, पुन्हा फिरवला. हिरवा रंग जागचा हलला नाही. मग ती माझ्या टेबलापाशी आली.

"कोणी काढलं?"

"सरांनी सांगितलं."

"कोणी सांगितलं ते नाय विचारलं."

दुपारी राजीनामा ठेवून ती गेली. तिला थांबवायला कोणी उठलं नाही.

तो नकाशा मोठा छापून आता दर्शनी भिंतीवर लावलाय. येणारे कौतुक करतात, सर चहा सांगतात. मी तिला दोनदा फोन केला. तिनं उचलला नाही. तिच्या जागी मीही उचलला नसता.