गुळगुळीत अल्बम

चौसाळ्यात हायवेला लागून आम्रपाली ओव्हाळचा फोटो स्टुडिओ आहे. वडील एसटीत मेकॅनिक होते. पोरीनं बँकेची परीक्षा द्यावी असं त्यांच्या फार मनात. तिनं ती दोनदा दिली, दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा फॉर्म न भरता सरळ संभाजीनगरला एका स्टुडिओत कामाला लागली. काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली लग्नांचे फोटो काढले, मग गावी येऊन स्वतःचं दुकान टाकलं. आता आसपासच्या गावांतल्या बायका तिलाच बोलावतात, कारण हळदीच्या वेळी आतल्या खोलीत पुरुष फोटोग्राफर चालत नाही. स्वभाव तापट, पण हात स्थिर, अशी तिची ख्याती.

नेकनूरचे धोंडप्पा भुसार मालाचे व्यापारी. त्यांच्या मुलीच्या, शिवांजलीच्या लग्नाचं काम आम्रपालीला मिळालं. मंगल कार्यालयात पाय ठेवला तेव्हाच तिच्या कपाळाला आठी पडली. स्टेजवर जांभळे-निळे दिवे आणि बाकी हॉलमध्ये नुसता अंधूक उजेड. त्यात धोंडप्पा जवळ येऊन म्हणाले, "ताई, फ्लॅश तेवढा मारू नका. आईच्या डोळ्याचं आपरेशन झालंय. लई तरास होतो तिला."

"बरं आप्पा. मग हे जांभळे दिवे तरी काढा. पांढरे लावा."

डेकोरेशनवाल्यानं ते ऐकलं आणि हातच झटकले. "पांढऱ्या उजेडात माझं डेकोरेशन कोण बघणार? मग मला बोलावलंच कावून?"

शेवटी आम्रपालीनं कॅमेऱ्याचा आयएसओ जाईल तिथपर्यंत वाढवला. असं केलं की कमी उजेडातही फोटो निघतो, पण त्यावर बारीक दाणे येतात. तसे ते आले. फोटो मात्र चांगले निघाले होते. धोंडप्पांच्या आई जगदेवी नातीची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडतायत, तो क्षण तर तिनं अगदी नेमका पकडला होता.

तिनं थोडे फोटो शिवांजलीला मोबाइलवर पाठवले. लगेच फोन आला.

"ताई, माझ्या तोंडावर रवा सांडल्यावानी कावून दिसायलंय?"

"बोटांनी मोठं करून बघू नको गं. अल्बममध्ये एवढं दिसत न्हाई."

"सासरचे समदे मोठं करूनच बघायलेत ना!"

दाणे घालवणारं एक नवं सॉफ्टवेअर आम्रपालीनं नुकतंच घेतलं होतं. सुरुवातीचे फोटो तिनं जपून केले. पण लगीनसराई चालू, रोज कुठं ना कुठं जायचं, आणि शिवांजलीचा फोन दिवसातून चार वेळा. झाले का? अजून न्हाई झाले? गुळगुळीत करा हं! एका दुपारी आम्रपालीचं डोकं फिरलं. दाणे किती घालवायचे ते ठरवणारा स्लायडर तिनं पार टोकाला ओढला आणि तेच सगळ्या फोटोंना एकदम लावून टाकलं. पडद्यावर चेहरे लोण्यासारखे झाले. केस रंगवल्यासारखे दिसतायत, हे तिच्या लक्षात आलं होतं. तरी तिनं अल्बम छापायला पाठवला.

अल्बम घरी पोचला आणि दुसऱ्याच दिवशी धोंडप्पा तो काखेत मारून दुकानात आले. त्यांनी काउंटरवर एक पान उघडलं.

"आईच्या कपाळावरची इभूत कुठं गेली?"

आम्रपालीनं बघितलं. जगदेवींच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे असायचे. त्यांच्या जागी पावडर फासल्यासारखा एक पांढुरका डाग होता. इरकल लुगड्याच्या बारीक चौकड्या जाऊन सपाट हिरवा रंग उरला होता. तोंडावर एक सुरकुती नव्हती.

"आईनं मला इचारलं, ही बाई कोण हाय म्हणून," धोंडप्पा म्हणाले.

आम्रपालीचा तोल गेला. "आप्पा, फ्लॅश नको म्हणलात तुमी. दिवे बदलू दिले न्हाईत त्या डेकोरेशनवाल्यानं. दाणे नको म्हणाली तुमची पोरगी. मी करावं तरी काय?"

धोंडप्पांचा आवाज चढला नाही. "ते मला कळत न्हाई. इभूत पुसलेला फोटो आमच्या घरात ठिवता येत न्हाई."

ते गेले. अल्बम काउंटरवर तसाच राहिला.

तिनं सगळे मूळ फोटो परत काढले आणि एकेक घेऊन बसली. सॉफ्टवेअरला भस्म कळत नाही, लुगडं कळत नाही. जे जे बारीक, ते सगळं त्याच्या लेखी कचरा. म्हणून तिनं आधी दाण्यांमधले नुसते रंगीत ठिपके घालवले. त्यानं फारसं काही बिघडत नाही. मग दाणे हळूहळू कमी करत नजर इरकलीवर ठेवली. चौकडी पुसट व्हायला लागली की स्लायडर मागे. जगदेवींच्या फोटोत तर तो जेमतेम हलवला. शिवांजलीचा नुसता चेहरा निवडून गुळगुळीत केला, तर तो गळ्यावर मुखवटा बांधल्यासारखा दिसायला लागला. तो पुन्हा केला. तेव्हा नथीचे मोती विरघळले. पुन्हा केला. दुकानात गिऱ्हाईक आलं की उठायचं, पासपोर्ट फोटो काढून द्यायचा, परत बसायचं आणि कुठवर आलो होतो ते आठवायचं. चहा दरवेळी गार होऊन जायचा.

एकदा वैतागून तिनं जगदेवींचा फोटो दुकानातल्याच प्रिंटरवर छापला आणि हात लांब करून बघितला. दाणे दिसत नव्हते. मग अजिबात न सुधारलेला फोटो छापला. कागदावर त्यातलेही जवळजवळ दिसत नव्हते. ज्याच्यासाठी एवढा तमाशा झाला होता, ते फक्त मोबाइलवर मोठं करून बघणाऱ्यालाच दिसत होतं. तिनं दोन्ही कागद टेबलावर आपटले. हे तिनं शिवांजलीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

नवीन अल्बम घेऊन ती स्वतः नेकनूरला गेली. जगदेवींनी पान डोळ्यांजवळ धरलं.

"आता ही मीच हाय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पर एवढी म्हातारी झाले व्हय मी?"

धोंडप्पा हसले, चहा झाला. माहेरपणाला आलेली शिवांजली मात्र पानं उलटून "बरे हायेत" एवढंच बोलली. संध्याकाळी तिच्या स्टेटसला त्यातलाच एक फोटो झळकला. मोबाइलच्या फिल्टरनं तिनं स्वतःच तो पांढराफटक करून घेतला होता, डोळे मोठे, हनुवटी टोकदार. खाली लिहिलं होतं, फोटो : ओव्हाळ स्टुडिओ, चौसाळा.

आम्रपालीनं तडक फोन लावला. "माझं नाव काढ आधी तिथनं."

"कावून ताई? तुमची फुकटात जाहिरात व्हायलीय की!"

तसंच झालं. आठवडाभरात पाटोद्याहून मोहिनी नावाच्या बाईचा फोन आला. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. "शिवांजलीचा फोटो बघितला मी. डिट्टो तसाच पायजे आमाला."

आम्रपालीनं डोळे मिटून घेतले. तो फोटो माझा न्हाई, हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. लगीनसराई संपत आली होती, काम सोडून चालणार नव्हतं.

"आधी मी हॉल बघायला येते," ती म्हणाली. "दिवे कसे हायेत, फ्लॅश चालतो का, ते बघून मग सांगते."

"हॉल कशाला बघायचा? फोटोच काढायचेत ना?"

"आवो ताई," आम्रपाली स्टुलावर टेकली, "उजेड कमी असला की काय होतं, नीट ऐका..."

पलीकडून मोहिनीबाई कुणाशी तरी भाजीबद्दल बोलत होत्या. आम्रपालीनं त्यांचं बोलणं संपायची वाट बघितली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.