मेव्हण्याचं मोठ्या पडद्यावरचं मरण

तमाम नातेवाईक, मित्रमंडळी आणि हितचिंतकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, गेल्या काही आठवड्यांत मी जे सिनेमे पाहिले ते सगळेच्या सगळे मला आवडले. ही बातमी ऐकून कोणीही घाबरून जाऊ नये, भेटायला येताना नारळपाणी आणू नये. माझी तब्येत ठणठणीत आहे.

आवडले म्हणजे चांगले होते, असा अर्थ मात्र कृपया काढू नका. चांगला सिनेमा बघून माणूस गुमान घरी जातो, जेवतो आणि झोपतो. आमच्यासारख्याला त्यात करण्यासारखं काही उरत नाही. वाईट सिनेमा आठवडाभर पुरतो. बीडला कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन पानं काढत असतं आणि मी सिनेमांची सालं काढत असतो. सातबाराची प्रत काढायला आलेली माणसं प्रत हातात घेऊन तशीच उभी राहतात, मागून पुढच्या गिऱ्हाइकाने ढकलेपर्यंत.

पहिला सिनेमा दक्षिणेकडचा, हिंदी आवाज चिकटवलेला. नायक जीपला लाथ मारतो आणि जीप आभाळात जाते. ती खाली येईपर्यंत नायकाला आपली आई आठवते, आईचं लग्न आठवतं, आईची सासू आठवते, आणि तरी जीप वरच असते. सगळ्यांत उत्तम अभिनय त्या जीपचा. निदान ती कुठे जायचं ते ठरवून निघाली होती.

दुसरा रहस्यपट. एवढा अंधारा की मध्येच कुणीतरी उठून मशीनवाल्याला बल्ब तपासायला सांगून आलं. खुनी शेवटी सापडला म्हणे, पण तो कोण होता हे दिसलं नाही. पार्किंगमध्ये मी तिघांना विचारलं, तिघांनी तीन वेगवेगळ्या माणसांची नावं घेतली. एकाने तर इन्स्पेक्टरचंच घेतलं. मला तोच शेवट पटला.

तिसऱ्यात अमेरिकेहून एक मुलगा गावी येतो, वावरात गुडघे टेकतो, मूठभर माती उचलून हुंगतो आणि रडतो. त्यावर सगळं गाव टाळ्या वाजवतं. आमच्याकडे कुणी माती उचलून नाकाला लावली तर लोक त्याला आधी सावलीत बसवतील, कांदा हुंगवतील आणि मग घरच्यांना फोन करतील.

चौथ्या सिनेमात माझा मेव्हणा होता.

हा बायकोचा धाकटा भाऊ. नांदूरघाटच्या अलीकडे याची जमीन, दारात जीप, अंगात कायम कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि डोक्यात बरीच वर्षं एकच गोष्ट, जिल्हा परिषदेचं तिकीट. तिकीट देणारे साहेब आमच्या भागातले वजनदार पुढारी. मेव्हणा दर निवडणुकीला त्यांच्या दारात उभा राहतो आणि साहेब दरवेळी त्याला 'बघू' म्हणतात. या खेपेला नाही मिळालं तर कधीच नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. कारण आता त्याच्या मागे मोबाइलवर स्वतःचे रील टाकणाऱ्या पोरांची रांग लागली होती, आणि त्यांची इस्त्री याच्यापेक्षा कडक होती.

अशात पुण्याहून एक दिग्दर्शक गाव शोधत आला. मेव्हण्याने त्याला विहीर दिली, बैल दिले, जीप दिली, सगळ्या युनिटला रोज मटण घातलं आणि बदल्यात भूमिका घेतली. प्रामाणिक सरपंचाची. हा सरपंच मध्यंतरानंतर मारला जातो. मेव्हण्याचा हिशेब असा होता, की आपण मोठ्या पडद्यावर मरायचं, गटातल्या सगळ्या मतदारांनी थिएटरात हमसून हमसून रडायचं, शेजारी बसलेल्या साहेबांनी ते रडणं ऐकायचं आणि तिकीट द्यायचं.

या योजनेत धोका एकच होता, माझं तोंड. म्हणून तो दुकानात आला आणि अर्धं शटर खाली ओढून बसला.

"दाजी, बाकी समद्या सिनेमांना काय घालायच्या त्या शिव्या घाला. ह्या एकाला न्हाई. माझी आन हाय तुमाला."

मी शब्द दिला. तरी घरी बायकोने वेगळी तंबी दिलीच. थिएटरात मी हूं की चूं केलं तर ती तिथूनच भावाच्या जीपमध्ये बसून माहेरी जाणार होती, आणि भाकरी कशी थापतात हे मी मोबाइलवर बघून शिकायचं होतं.

मेव्हण्याने बीडच्या थिएटरचा सकाळचा खेळ अख्खा घेतला. गावाकडून जीपा आल्या, टेंपो आले. आधी अर्थातच सत्कार. साहेबांना फेटा, शाल, श्रीफळ. दिग्दर्शकाला फेटा, शाल, श्रीफळ. मॅनेजरला तेच. ओघाओघात दारावर तिकिटं फाडणाऱ्यालाही एक शाल पडली, ती त्याने घडी घालून परत केली. मग आम्ही बसलो. साहेब, त्यांच्या शेजारी मेव्हणा, मग माझी बायको आणि तिच्या हाताच्या अंतरावर मी.

सिनेमा सुरू झाला. मेव्हणा पडद्यावर आला. शिट्ट्या झाल्या. त्याने तोंड उघडलं आणि आतून भलत्याच माणसाचा आवाज आला.

दिग्दर्शकाने पुण्यात बसून त्याचे सगळे संवाद दुसऱ्याकडून म्हणवून घेतले होते. मध्यंतरात मी कारण विचारलं. तो म्हणाला, त्यांचं बोलणं पुरेसं गावरान वाटत नव्हतं. जन्मापासून 'लई' आणि 'न्हाई' म्हणणाऱ्या माणसाच्या गळ्यात याने कोल्हापूरकडचा गळा बसवला. मराठी सिनेमातलं प्रत्येक खेडं कोल्हापूरलाच असतं. बाभळी आमच्या, धूळ आमची, विहीर माझ्या सासऱ्याने खणलेली, आणि बोलणारा माणूस पंचगंगेच्या काठचा. मागच्या रांगेत कुणीतरी हळूच विचारलं, "हे कोण बोलायलंय बे याच्या आतून?" बऱ्याच बायकांचा समज झाला की सरपंचाला काहीतरी लागीर झालंय, आणि त्या मध्यंतरापर्यंत देवऋषी कधी येतो याची वाट बघत राहिल्या. मी ओठ घट्ट दाबून धरले. बायकोने तरी आगाऊ एक चिमटा काढून ठेवला.

मग ते मरण आलं. खलनायकाने गोळी घातली. मेव्हणा पडला. उठला, मुलाला उपदेश केला, पडला. पुन्हा अर्धा उठला, शाळेच्या इमारतीबद्दल बोलला, खलनायकाला क्षमा केली, मग पडला. तेवढ्या वेळात कुणीही त्याला दवाखान्यात नेऊन, टाके घालून, चहा पाजून परत आणलं असतं. एवढ्या संथपणे जाणारा माणूस मी फक्त सरकारी कामात पाहिला आहे.

कुणी रडलं नाही. मागे एकजण खोकला, बस. मी तिरक्या नजरेने पाहिलं. मेव्हणा पडद्याकडे बघतच नव्हता. तो साहेबांच्या डोळ्यांकडे बघत होता, आणि साहेबांचे डोळे शालीखाली धरलेल्या मोबाइलवर होते. खुर्चीचा दांडा त्याने असा आवळला होता, जसा दात उपटताना आवळतात. हे सगळं पोटभर उपभोगायचं म्हणून मी आलो होतो. पण तो घास तेव्हा घशाखाली उतरेना.

पडद्यावर सरपंचाची अंत्ययात्रा निघाली.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे मयताला भाषणं होतात. चिता रचलेली असते आणि बाजूला माइक लावलेला असतो. ज्याला ज्याला पुढारी व्हायचं आहे तो तो बोलतो. प्रत्येक गावात हे चालवणारा एक ठरलेला माणूस असतो. तो नावं पुकारतो, लांबलेलं भाषण आवरतं घेतो आणि शेवटी सगळ्यांना उभं करतो. मेव्हण्याच्या गावातला हा माणूस गेली कित्येक वर्षं पंचक्रोशीतल्या मेलेल्यांना निरोप देतो आहे. दिग्दर्शकाने गर्दी भरायला त्यालाच पडद्यावर उभं केलं होतं, आणि दोनच वाक्यं आहेत म्हणून त्याच्या गळ्यावर दुसरा गळा चढवायचं राहून गेलं होतं. सगळ्या सिनेमात तेवढा एक आवाज खरा होता.

तो थिएटरच्या चारी बाजूंनी घुमला. "उपस्थित सर्वांना विनंती हाय, दोन मिनिटं आपापल्या जागेवर उभं राहून श्रद्धांजली अर्पण करावी."

आणि थिएटर उभं राहिलं.

कुणी ठरवलं नव्हतं. मागच्या रांगा उठल्या, बाया पदर सारखा करून उठल्या, मॅनेजर दारात सावधान झाला. साहेबांनी मोबाइल खिशात टाकला, फेटा काढून हातात घेतला आणि मान खाली घातली. मी, सिनेमाची सालं काढणारा मी, मांडीवरच्या लाह्या सांडून उभा राहिलो. बायको उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. मेव्हणाही उभा होता, स्वतःच्या श्रद्धांजलीला, हात जोडून, सगळ्यांपेक्षा जास्त वाकून.

दिग्दर्शकाला शांततेची हौस. त्याने कॅमेरा चितेवर रोखून तसाच ठेवला होता, संगीत नाही, काही नाही. एरवी अशा दृश्यावर मी दुकानात तासभर बोललो असतो. त्या दिवशी अख्खं थिएटर श्वास रोखून होतं. तेवढ्यात मागे कुठेतरी एका म्हातारीने खराखुरा हुंदका दिला, आणि त्यापाठोपाठ दुसरीने. मेव्हण्याच्या खांद्यांत जीव आलेला मला अंधारातही दिसला. जे मरून साधलं नव्हतं ते उभं राहून साधत होतं.

पडद्यावरून 'ॐ शांती' झालं. लोक बसले. खुर्च्यांची करकर थांबली आणि पुन्हा सगळं चिडीचूप झालं. साहेबांनी फेटा परत डोक्यावर ठेवला आणि मोठा सुस्कारा टाकला. मग स्मशानातून गाडीकडे निघताना वळावं तसे ते मागच्या रांगेतल्या आपल्या माणसाकडे वळले आणि उघड्या मैदानावर बोलायची सवय असलेल्या आवाजात म्हणाले,

"चांगला माणूस गेला. मंग आता तिकीट कुणाला द्यायचं?"