ग्रहणातली काकडी

आज सून काकडी कोचवत होती. त्या वासासरशी माझा थोरला जन्मला ती सकाळ आठवली. शनिवारवाड्याचा चौघडा नुकताच थांबला होता.

सुइणीने बाळ उजेडात धरलं. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, आत टाळूलाही भेग. मग आत्तेसासूबाई म्हणाल्या, "हिने ग्रहणात काहीतरी चिरलं असणार."

चिरली होती. भूक आवरेना म्हणून काकडी. सासूबाईंनीच माझ्या हातून विळी काढून घेतली होती. मी डोळे मिटले.

"ग्रहणभर ती माझ्याशेजारी जप करत होती," सासूबाई म्हणाल्या. "आता बोंडलं आणा. तुमच्या चौकशीने पोराचं पोट भरायचं नाही."

बाळाला उभं धरून त्यांनी बोंडल्याच्या चोचीतून थेंब थेंब दूध घातलं. थोडं नाकातून आलं. ते पदराने पुसून त्यांनी पुन्हा घातलं. महिनोन्‌महिने घातलं.

त्या पोराच्या मिशीत आज पांढरे केस आहेत.

सासूबाई कुणाशी थट्टेतही खोटं बोलत नसत. त्या सकाळी बोलल्या, हातात जपाची माळ असताना.