मी न वाचलेलं पान

हे मी सुनंदालाही सांगितलेलं नाही. बायको आहे ती माझी, तरी नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर आधी दार लावून घेतलं — कशाची भीती राहिलीय अजून?

नव्वदच्या दशकात मी दुबईत स्टेनो होतो. करामा भागात छोटा फ्लॅट, आम्ही दोघं आणि इंग्लिशमधूनच उत्तरं देणारी मुलगी. कंपनीचा मालक इंग्रज. त्याचे सासरे ब्रिटिश सैन्यातले निवृत्त जनरल, फुजैराला समुद्रासमोर राहायचे. त्यांना आत्मचरित्र लिहायचं होतं, पण डोळे गेलेले. मालकाने मला पाठवलं. दर गुरुवारी जायचो. ते सांगायचे ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं, टाइप करायचं आणि पुढच्या खेपेला वाचून दाखवायचं.

हिंदुस्थानातली पलटण, युद्ध, मग आफ्रिकेत एका जिल्ह्याचा कारभार. शिकारी, मेजवान्या, पदकं. पुण्याच्या छावणीत शिकलेलं मोडकंतोडकं मराठी अजून बोलायचे. मला म्हातारा आवडायला लागला होता — हेही सांगायलाच हवं ना?

एका गुरुवारी त्यांनी आधी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, आज एकही शब्द बदलू नकोस.

जिल्ह्यातल्या एका गावाने रस्त्याच्या कामावर वेठबिगारीला नकार दिला होता. जनरलसाहेबांनी गाव जाळायचा हुकूम सोडला. घरं रिकामी केलीत, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. रिकामी नव्हती.

"मला आतून आवाज ऐकू आले," ते म्हणाले. "हुकूम मागे घ्यायला वेळ होता. मी घेतला नाही."

पुढे त्यांना बढती मिळाली.

मी सगळं ऑफिसात टाइप केलं. मालकाने केबिनमध्ये बोलावून ती पानं काढून घेतली. आवाज चढवला नाही. म्हाताऱ्यांना भास होतात, म्हणाला, हे पुस्तकात जाणार नाही आणि त्यांनाही कळायला नको. मग सहज विचारल्यासारखं — "तुझा व्हिसा रिन्यूअलला आलाय ना?"

एवढंच. व्हिसा गेला की फ्लॅट, मुलीची शाळा, सगळं खलास. मी मान डोलावली. शॉर्टहँडची पानं घरी जाऊन मीच फाडली. ती फाडायला मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

पुढच्या गुरुवारी साहेब म्हणाले, "ते गावाचं वाच."

मी शिकारीचं प्रकरण समोर धरलं आणि गाव आठवेल तसं बोलत गेलो. वाक्यामागून वाक्य. पानं उलटल्याचा आवाजही केला. ते आंधळे होते, तरी वाटत होतं की त्यांना सगळं दिसतंय. शेवटी त्यांनी माझा हात चाचपडत धरला. "छान. आता मला झोप लागेल."

काही महिन्यांनी ते गेले. कुटुंबाने पुस्तक छापलं. त्यात ते गाव नव्हतं.

इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, बिचारा, नोकरीचा प्रश्न होता. पण इथे संपत नाही.

दोन-तीन वर्षांनी ऑफिसात एक आफ्रिकन गृहस्थ आले. जहाजावर इंजिनियर होते. जहाज तेल भरायला फुजैराला थांबलेलं. पुस्तकात आभार मानताना माझं नाव होतं, म्हणून मलाच शोधत आले. मालक लंडनला होता. व्हिसा नुकताच नवा झाला होता. मला कुणीही धमकावत नव्हतं — हे नीट लक्षात घ्या.

ते म्हणाले, त्या गावात त्यांची आई आणि धाकटी बहीण गेल्या. तेव्हा ते लहान होते, गुरांमागे रानात होते म्हणून वाचले. ब्रिटिश सरकार म्हणतं, असं काही घडलंच नाही.

"जनरलसाहेब त्याबद्दल कधी बोलले का? एखादा शब्द तरी?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"नो सर. नेव्हर."

"गावाचं नावसुद्धा नाही?"

"नाही."

नाव मला पाठ होतं.

त्यांनी माझे आभार मानले, वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली — माझी माफी! — आणि लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले. काचेच्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. आमची लिफ्ट फार सावकाश यायची. हाक मारायला भरपूर वेळ होता.

मी मारली नाही.